सीटी स्कॅन : केव्हा काढावा, केव्हा नाही

मंडळी, 'सिटी स्कॅन' म्हणजे सिटीत, शहरात जाऊन काढायचा फोटो, अशी पुष्कळांची समजूत असते. हसू नका. वाडीवस्तीवरच्या माणसाच्या दृष्टीने ते खरेच आहे. साधा एक्स-रे जवळपास कुठेतरी निघतो; पण सीटी म्हटले की आष्टीचा माणूस अहिल्यानगरचा रस्ता धरतो, धारूर-परळीचा अंबाजोगाईचा, गेवराईचा बीडचा नाहीतर छत्रपती संभाजीनगरचा. खिशात पैसे किती आहेत हे पाहायलाही सवड नसते. डॉक्टर चिठ्ठीवर दोन इंग्रजी अक्षरे लिहितो आणि घरचे लोक जीप ठरवायला धावतात.

ही दोन अक्षरे शहराची नव्हेत. 'कॉम्प्युटेड टोमोग्राफी' या नावाची ती पहिली अक्षरे, सी आणि टी. यातला 'टोमोस' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ काप, चकती. संगणकाने हिशेब करून काढलेले चकत्यांचे चित्र, असा एकंदर अर्थ.

यंत्र कसे चालते ते आज थोडे सांगणार आहे. पण मुख्य सांगायचे ते असे की, सीटी स्कॅन हा डॉक्टरच्या मनातल्या एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्नच नसेल तर तो उत्तर कशाचे देणार? 'एकदा सगळं अंगच काढून टाका डॉक्टर, मनात शंका नको,' असे म्हणणारे लोक आहेत. आणि 'अंगावरून वारं गेलंय, मालिश करू, उतरेल,' असे म्हणून तीन दिवस घरी बसणारेही आहेत. पहिल्याचे पैसे जातात. दुसऱ्याचा हात-पाय जातो, कधी जीवही जातो.

आता यंत्राकडे वळू. साधा एक्स-रे म्हणजे सावली. कंदिलासमोर हात धरला की भिंतीवर हाताची सावली पडते, तशी. त्या सावलीत पुढचे मागचे सगळे एकावर एक येते. छातीच्या एक्स-रेत बरगडीच्या मागे काय दडले आहे ते पुष्कळदा कळत नाही ते याचमुळे. आपल्या घरी लग्नकार्यात भाकरीची चळत रचलेली असते, ती डोळ्यांपुढे आणा. मधली एखादी भाकर करपली आहे का, हे वरून पाहून सांगता येईल का? एक एक भाकर उचलूनच पाहावी लागेल. सीटीचे यंत्र माणसाच्या अंगाची अशी एक एक भाकर न कापता, न उचलता पाहते. डोक्यापासून मांडीपर्यंत शेकडो पातळ चकत्या, प्रत्येकीचे वेगळे चित्र.

यंत्र दिसायला मोठ्या कड्यासारखे असते. कड्याच्या आत एका बाजूला क्ष-किरणांची नळी आणि समोरच्या बाजूला ते किरण मोजणारी उपकरणे. रोगी फळीवर झोपतो, फळी सरकत कड्यातून आत जाते, आणि नळी त्याच्याभोवती गरगर फिरते. प्रत्येक कोनातून किती किरण आरपार आले आणि किती अंगात मुरले याची नोंद होते. हाड पुष्कळ किरण अडवते, हवा जवळजवळ काहीच नाही. आजच्या यंत्रावर छाती किंवा डोके काढायला काही सेकंद पुरतात. झोपवणे, सरळ करणे, समजावणे यातच वेळ जातो. यंत्राचे तोंड दोन्हीकडून उघडे असते, म्हणून कोंडल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. लांब बोगद्यासारखे आणि ठोकल्यासारखे आवाज करणारे ते एमआरआयचे यंत्र. ते लोहचुंबकावर चालते, त्याचा आणि याचा घोटाळा करू नये.

पण नुसत्या बाहेरून घेतलेल्या नोंदींवरून आतले चित्र कसे उभे राहते? गुरुजनांनी ही गोष्ट वर्गात फळ्यावर करून दाखवावी, मुलांना फार आवडेल. एक चौकोन काढा, त्याचे चार घर करा. वरच्या दोन घरांत ५ आणि ७, खालच्या दोन घरांत ६ आणि २ असे आकडे लिहा, आणि ते झाकून ठेवा. मुलांना फक्त बेरजा सांगा. वरची ओळ १२, खालची ओळ ८, डावा रकाना ११, उजवा रकाना ९. आता म्हणावे, आतले आकडे ओळखा. एखादा मुलगा सांगेल ४, ८, ७ आणि १. तपासून पाहा, त्याच्याही बेरजा बरोबर जुळतात! म्हणजे दोन दिशांनी पाहून भागत नाही. मग तिसरी, तिरपी दिशा सांगा. वरच्या डाव्या घरापासून खालच्या उजव्या घरापर्यंतची बेरीज ७. आता मात्र ५, ७, ६, २ हे एकच उत्तर निघते. सीटीचे सारे रहस्य एवढेच आहे. तिथे चार घरे नसतात, आजच्या एका चित्रात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २ लाख ६२ हजार १४४ घरे असतात, आणि तीनऐवजी शेकडो दिशांनी बेरजा घेतात. एवढी उदाहरणे माणसाने सोडवायची म्हटली तर जन्म पुरायचा नाही, म्हणून संगणक.

ही युक्ती प्रत्यक्षात उतरवणारा माणूस शेतकऱ्याचा मुलगा होता, हे आपल्या श्रोत्यांना ऐकून बरे वाटेल. गॉडफ्रे हाउन्सफील्ड त्याचे नाव. १९१९ साली तो इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरमध्ये जन्मला आणि तिथेच शेतावर वाढला. पाच भावंडांत धाकटा. मळणीयंत्र आणि कापणीयंत्र यांच्याभोवतीच त्याचे बालपण गेले. घरी बनवलेले पंख लावून त्याने गवताच्या गंजीवरून उडी मारली होती, आणि डांबराच्या पिंपात ॲसिटिलीन वायू भरून एकदा स्वतःला उडवून घेण्याच्या बेतालाही तो आला होता. शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान सोडले तर त्याचे कशात मन लागत नसे. (अशी मुले आपल्याही वर्गात असतात. पण तो विषय वेगळा.)

पुढे तो ईएमआय या कंपनीत लागला. ही मूळची ग्रामोफोनची कंपनी. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्या जुन्या माणसांना आठवत असतील, ती छाप याच कंपनीची. तिथे त्याने पहिला प्रयोग केला तेव्हा एका चकतीच्या नोंदी घ्यायला नऊ दिवस लागले आणि हिशेबाला अडीच तास. कसायाकडून गुरांचे ताजे मेंदू आणून तो त्यांवर प्रयोग करी. शेवटी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रोग्याचे, एका बाईचे, डोके त्याच्या यंत्रावर काढण्यात आले. मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. चित्रात ती स्वच्छ दिसली आणि शस्त्रक्रियेत बरोबर त्याच जागी सापडली. त्या चित्रात घरे ८० गुणिले ८० एवढीच होती, आणि त्यासाठी २८,८०० नोंदी घेतल्या होत्या.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ॲलन कॉरमॅक या पदार्थवैज्ञानिकाने यामागचे गणित १९६३ आणि १९६४ साली छापून ठेवले होते, पण कोणी ढुंकून पाहिले नाही. त्याच्या लेखाची प्रत मागणाऱ्यांत डॉक्टरांपेक्षा लक्षात राहिली ती स्वित्झर्लंडमधली हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणारी संस्था! आणि त्याहून मौज म्हणजे योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितीने हेच कोडे १९१७ सालीच सोडवले होते, आणि कॉरमॅकला त्याचा पत्ताच नव्हता. हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक या दोघांना १९७९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हाउन्सफील्डच्या नावाने आज एक मोजपट्टीही आहे. तिच्यावर पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबीला सुमारे उणे १००, मेंदूला तीस-चाळीस, ताज्या साकळलेल्या रक्ताला त्याहून थोडे जास्त, आणि हाडाला शेकड्यांत किंवा हजाराच्या पुढे असे आकडे. आकडा जास्त तेवढे चित्र पांढरे. मेंदूच्या करड्या चित्रात ताजे रक्त पांढरे उठून दिसते. ही एवढीशी गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता जे सांगणार आहे ते सगळे तिच्यावर उभे आहे.

आपल्याकडे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं'. एकाएकी तोंड वाकडे होते, एका बाजूचा हात उचलत नाही, बोलणे बोबडे होते. हे वारे बाहेरचे नसते. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचे रक्त तुटते, नाहीतर रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसतात. कितीही अनुभवी डॉक्टर असो, नाडी पाहून हा फरक खात्रीने सांगू शकत नाही. आणि उपचार तर एकमेकांच्या अगदी उलट. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन देता येते. तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिले तर प्राणावर बेतेल. म्हणून आधी सीटी. पांढरे दिसले तर रक्तस्राव. पांढरे नाही आणि लक्षणे मात्र स्पष्ट आहेत, तर गुठळी असे धरून डॉक्टर पुढे जातो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून येते आणि घरचे म्हणतात, 'काही निघालं नाही, उगीच पैसे गेले.' तसे नाही. गुठळीने झालेली इजा पहिल्या काही तासांत सीटीवर पुष्कळदा दिसतच नाही. त्या वेळी विचारलेला प्रश्न एवढाच होता की रक्तस्राव आहे का. 'नाही' हे त्याचे उत्तर आले, आणि त्या 'नाही'वरच इंजेक्शनचा निर्णय होतो.

हे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यायचे असते, आणि जितके लवकर तितका गुण जास्त. आता हिशेब करा. वडवणी तालुक्यातली एक वस्ती समजा. सकाळी सहा वाजता आजोबांच्या हातातून चहाची बशी पडली. सात वाजेपर्यंत 'पित्त असेल' झाले. आठला गावातल्या जाणत्याला बोलावले, त्याने तेल चोळले. नऊला गाडी मिळाली, पण आधी ओळखीच्या छोट्या दवाखान्यात नेले, तिथे सलाईन लावली. साडेदहा वाजले, वेळ संपली! यंत्र जिथे आहे तिथे आजोबा बाराला पोचले. यंत्र काय करील?

म्हणून तोंड, हात, बोलणे यांपैकी एकात जरी एकाएकी बिघाड दिसला तरी सरळ १०८ ला फोन करावा. राज्यात २०१४ पासून ही रुग्णवाहिका आहे आणि तीत डॉक्टर असतो. ज्या रुग्णालयात सीटी चालू आहे आणि गुठळीचे इंजेक्शन मिळते तिथेच न्या, असे स्पष्ट सांगावे. आपल्या जिल्ह्यात बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही दोन मोठी सरकारी ठिकाणे. आपल्याला जवळचे कोणते ते आजच ठाऊक करून ठेवावे. रोग्याच्या तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नये. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये, कारण आत रक्तस्राव आहे की गुठळी हे अजून कोणालाच ठाऊक नाही. आणि 'शेवटचे ठीक कधी पाहिले' ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. झोपेतून उठतानाच तोंड वाकडे असेल तर वेळ उठल्यापासून नव्हे, रात्री झोपण्यापासून मोजायची.

दुसरा प्रसंग डोक्याच्या माराचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातले कोयते उसावर निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर संसार, त्यावर माणसे, त्यावर लेकरे. कोणी ट्रॉलीवरून पडतो, कोणी उसाच्या मोळीसकट फळीवरून घसरतो. रक्त निघाले तर सगळे धावतात. रक्त निघाले नाही तर म्हणतात, 'मुका मार आहे, हळद लावा.' पण डोक्याचा मुका मारच जास्त फसवा. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते. माणूस आधी क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, बोलतो, भाकर खातो, आणि काही तासांनी झोपेत जातो तो उठतच नाही. हे साचलेले रक्त सीटीवर काही मिनिटांत दिसते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर माणूस पुन्हा कोयता धरू शकतो.

प्रत्येक टेंगळाला सीटी नको. पण मार लागल्यावर शुद्ध हरपली असेल, पुन्हापुन्हा उलटी होत असेल, फिट आली असेल, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येत असेल, बोलणे असंबद्ध झाले असेल, झोप वाढत चालली असेल, माणूस म्हातारा असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असेल, तर थांबू नये. दारू प्यालेला माणूस पडला तर 'नशेत आहे, उतरली की उठेल' असे म्हणून खोपीत टाकून ठेवतात. त्यात किती जीव गेले असतील ते देव जाणे.

तिसरी गोष्ट खास शाळेसाठी. वर्गात एखाद्या मुलाला फिट येते. लगेच कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल. यातले काही करू नका. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूची बाके सरकवा, तोंडात चमचा घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. थांबली तरी नंतर डॉक्टरला दाखवायचेच, देवऋषीला नव्हे.

अशा पुष्कळ मुलांच्या सीटीत मेंदूत हरभऱ्याएवढे एक कडे दिसते. आपल्या देशात सीटीची यंत्रे आली तेव्हा ही कडी पाहून डॉक्टर चक्रावले. क्षयाची गाठ समजून कित्येक मुलांना क्षयाची औषधे दिली गेली. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी १९८०च्या दशकात यांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा दिसले की यांतली पुष्कळशी कडी डुकराच्या पट्टकृमीच्या अळीची असतात. ती अळी मेंदूत मरत असते, म्हणून भोवती सूज येते, म्हणून फिट. कित्येकदा हे कडे काही महिन्यांत विरून जाते. तोवर फिटचे औषध नेमाने घ्यायचे. क्षयाची गाठही अशीच दिसू शकते, तेव्हा निवाडा डॉक्टरवर सोडावा.

'आमच्या घरात कोणी मटणसुद्धा खात नाही, मग डुकराचा कृमी कुठून?' असे माळकरी बाप विचारतो, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. ज्याच्या पोटात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांवरून, घाण पाण्यावर वाढलेल्या आणि न धुता खाल्लेल्या कोथिंबीर-गाजरावरून दुसऱ्याच्या पोटात जातात. मटण न खाणाऱ्यालाही हा रोग होतो तो असा. मेंदूतले ते कडे हागणदारीशी जोडलेले आहे, हे मुलांना सांगताना गुरुजनांनी लाजू नये.

डोक्यावर फार बोललो. आता बाकीच्या अंगावरून भरभर जाऊ. बैलाने पोटात शिंग मारले, वरून जखम नाही पण रोगी पांढरा पडत चालला आहे, तर आत प्लीहा किंवा यकृत फाटले आहे का हे सीटी सांगतो. विहिरीत पडलेल्याचा मणका कसा आणि किती मोडला आहे तेही. मुतखड्याला आधी सोनोग्राफी करावी. तिच्यात नीट कळले नाही तर सीटीवर जवळजवळ प्रत्येक खडा दिसतो, कुठे अडकला, केवढा आहे, आपोआप पडेल की काढावा लागेल, सगळे. अपेंडिक्सचेही तसेच, मुलांना आणि तरुण बायकांना आधी सोनोग्राफी. कर्करोग ठरल्यावर तो कुठवर पसरला आहे ते पाहायला, सुई बरोबर गाठीत घालून तुकडा काढायला, आणि किरणांचा उपचार नेमक्या जागी द्यायला सीटीवाचून पाऊल पुढे पडत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्याही आता सीटीवर पाहतात. क्षयरोगाला मात्र पहिली तपासणी बेडक्याची आणि साध्या एक्स-रेची. महिनाभर खोकला आहे म्हणून कोणी एकदम सीटीकडे धावू नये. तसेच नुसती जुनी डोकेदुखी, नुसती कंबरदुखी, नुसता ताप, यांत सीटीने बहुधा नवे काही कळत नाही.

२०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत आपण सर्वांनी एक विचित्र गोष्ट पाहिली. जो तो छातीचा एचआरसीटी काढून 'स्कोअर' विचारत होता. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला पाचपैकी गुण, एकूण पंचवीस. शाळेत गुण वाढले की पेढे वाटतात. इथे गुण वाढले की घरात रडारड! धाप लागलेल्या, रक्तातला प्राणवायू घसरलेल्या रोग्याला त्या चित्राचा उपयोग होता. पण साधा सर्दी-ताप आलेल्यांनीही रांगा लावल्या. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाला दर बांधून द्यावे लागले. यंत्राच्या प्रकाराप्रमाणे २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी इशारा दिला की, एक सीटी म्हणजे तीन-चारशे एक्स-रे. त्यावर क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने हरकत घेतली की, हा हिशेब जुना आहे, कमी मात्रेच्या नव्या सीटीत तो पाच-दहा एक्स-रेएवढाच येतो. दोघेही जाणकार. यंत्र कोणते, मात्रा किती ठेवली, यावर ते अवलंबून असते.

आपल्याला अंदाज यावा म्हणून दुसरे माप सांगतो. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून प्रत्येक माणसाला किरणांचा काही अंश आपोआप मिळतच असतो. डोक्याचा एक सीटी म्हणजे सुमारे वर्षभराचा तो अंश, आणि पोटाचा म्हणजे सुमारे तीन-चार वर्षांचा. प्राण वाचत असेल तर ही किंमत अगदी क्षुल्लक आहे. कारण नसताना, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, ती का मोजावी? लेकराच्या अंगावर या किरणांचा परिणाम मोठ्या माणसापेक्षा जास्त होतो. बाई गरोदर असेल, किंवा पाळी चुकली असेल, तर खोलीत जाण्याआधी सांगावे. सासूसमोर सांगायला संकोच वाटला तर बाईने तिथल्या सिस्टरला हळूच सांगावे. जिवावरचे दुखणे असेल तर गरोदरपणीही सीटी काढतात. पण ते डॉक्टरने जाणून ठरवायचे.

यंत्र बंद झाले की किरण संपले. अंगात काही उरत नाही. घरी येऊन आंघोळ केलीच पाहिजे, वेगळे झोपले पाहिजे, असे काही नाही. मात्र यंत्र चालू असताना नातेवाइकांनी आत थांबू नये. दारावर तीन पाकळ्यांचे चिन्ह आणि लाल दिवा असतो, तो त्यासाठीच. लेकरू धरायला कोणी हवेच असेल तर एकानेच थांबावे आणि शिशाचा अंगरखा मागून घ्यावा. अशी यंत्रे बसवायला परमाणु ऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.

काही वेळा शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन चित्र काढतात. औषध जाताना सर्वांगाला ऊब येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. घाबरू नये, क्षणात जाते. पण मूत्रपिंडाचा आजार, मधुमेहाच्या गोळ्या, दमा, आधी कुठल्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील तर ते आधीच सांगावे. दागिन्यांचेही विचारतात. ज्या भागाचे चित्र काढायचे तिथला धातू काढावा लागतो, नाहीतर चित्रात काट्याकुट्यांसारख्या रेघा येतात. डोक्याच्या वेळी नथ, कर्णफुले, पिना. छातीच्या वेळी मंगळसूत्र. जोडव्यांना डोक्याच्या सीटीत हात लावायची गरज नाही. मंगळसूत्र काढायला बाई तयार नसली तर तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ते तिच्याच मुठीत, तेही नको म्हणाली तर नवऱ्याच्या हाती द्यावे.

पैशाचेही सांगितले पाहिजे. जिल्हा रुग्णालयासारख्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क केलेले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी रेशनकार्ड घेऊन त्याला भेटावे. बाहेरून सीटी काढून आणा असे सांगितले तर का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

शेवटी फिल्मविषयी. ऊसतोडीवर असताना कारखान्याकडच्या दवाखान्यात सीटी निघतो, काम संपल्यावर टोळी गावी येते, आणि फिल्म तिकडेच राहते. मग इकडचा डॉक्टर म्हणतो, पुन्हा काढा. उचल घेऊन काढलेला पैसा दुसऱ्यांदा जातो, आणि आधी साचलेले रक्त वाढले की कमी झाले हे ताडून पाहायला जुने चित्र हाती नसते. फिल्म, रिपोर्ट आणि मिळाली तर सीडी, तिन्ही मागून घ्यावीत. फिल्मची घडी घालू नये, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली सपाट ठेवावी. आणि दवाखान्यातून निघण्यापूर्वी फिल्मवरचे नाव, वय आणि तारीख कोणा लिहित्या-वाचत्या माणसाकडून वाचून घ्यावी. एकाच टोळीत एकाच नावाची दोन माणसे पुष्कळदा असतात.